इन्सुलिन चेक-इन बॅगेत टाकू नका

“विमानात सुया चालत नाहीत. इन्सुलिन, सुया, सगळं मोठ्या बॅगेत टाका.” हा सल्ला अजूनही सर्रास दिला जातो. नातेवाईक देतात, सोसायटीत नुकतंच परदेशी जाऊन आलेलं कुणीतरी देतं, कधी तिकीट काढून देणारा एजंटही देतो. हेतू चांगलाच असतो. पण सल्ला साफ चुकीचा आहे, आणि तो मानल्यामुळे माणूस दवाखान्यात पोहोचू शकतो.

लेकीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडांना सांभाळायला आई-बाबा सहा महिने अमेरिकेला निघतात, तेव्हा हे हमखास घडतं. भाजणी, मेतकूट, लोणच्याच्या बरण्या यांच्याबरोबर इन्सुलिनचे डबे आणि निडलची पाकिटंही तेवीस किलोंच्या बॅगेत बसतात. बॅग काउंटरवर जाते. मग मुंबईहून न्यूयॉर्कपर्यंतचे पंधरा-सोळा तास, त्याआधीचे विमानतळावरचे तीन-चार आणि घरून निघाल्यापासूनचे आणखी काही, इतका वेळ मधुमेह असलेल्या माणसाजवळ स्वतःचं औषध नसतं. विमान चुकलं, मुक्काम पडला किंवा बॅग दुसऱ्याच शहरात गेली, तर हे तास दोन-तीन दिवसांवर जातात. टाइप १ मधुमेह असलेल्या माणसाचं इन्सुलिन पूर्ण बंद पडलं तर एका दिवसाच्या आतही रक्तात कीटोन वाढून तो अत्यवस्थ होऊ शकतो. टाइप २ असलेल्यांना थोडी जास्त सवड असते, एवढंच.

आता नियम काय सांगतात ते पाहू, कारण ‘चालत नाही’ म्हणणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी ते वाचलेले असतात. भारतात विमानतळाच्या सुरक्षेचे नियम नागरी विमान सुरक्षा ब्यूरो, म्हणजे बीसीएएस, ठरवतं आणि मुंबई, पुणे, नागपूरसारख्या विमानतळांवर तपासणी सीआयएसएफचे जवान करतात. केबिनमध्ये नेऊ नयेत अशा वस्तूंत इंजेक्शनच्या सुया येतात, हे खरं आहे. पण त्याला अपवाद आहे तो वैद्यकीय गरजेचा. डॉक्टरांची चिठ्ठी आणि सोबत औषध असेल तर सुया हातातल्या बॅगेत नेता येतात. लोक यादीतला ‘सुया’ हा शब्द वाचतात आणि अपवादापर्यंत पोहोचायच्या आत बॅग भरायला घेतात. सगळा गोंधळ या अर्ध्या वाचनातून होतो.

अमेरिकेत तपासणी करणारी संस्था टीएसए. न वापरलेल्या सिरिंज, सोबत टोचून घ्यायचं औषध असेल तर, केबिनमध्ये नेता येतात आणि तपासणीच्या वेळी त्या आपणहून जाहीर कराव्या लागतात, असं तिच्या संकेतस्थळावर स्पष्ट लिहिलेलं आहे. औषधावर लेबल असावं अशी ती शिफारस करते, सक्ती करत नाही. ब्रिटन सरकारच्या यादीत इंजेक्शनच्या सिरिंजला हातातली बॅग आणि मोठी बॅग, दोन्हींत परवानगी आहे. म्हणजे या दोन देशांत ही अडचण मुळात नाहीच.

मग ही भीती आली कुठून? ११ सप्टेंबर २००१ नंतर जगभर धारदार वस्तूंवर कडक बंदी आली. नेलकटर, छोट्या कात्र्या, दाढीची पाती लोकांच्या बॅगांतून निघाली. त्या काळात प्रवास केलेल्यांच्या मनात ‘टोकदार म्हणजे बंद’ हे पक्कं बसलं. पुढे ऑगस्ट २००६ मध्ये द्रव स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट लंडनमध्ये उघडकीला आला आणि बाटल्यांवर १०० मिलीलिटरची मर्यादा आली. या दोन आठवणी एकत्र झाल्या आणि सुई असलेलं, द्रव असलेलं इन्सुलिन लोकांच्या दृष्टीने दुहेरी गुन्हेगार ठरलं. दोन्ही बंधनांमध्ये औषधांना सवलत आहे, हे मात्र तितकं पसरलं नाही.

चेक-इन बॅग इन्सुलिनसाठी वाईट का, याबद्दलही एक अतिशयोक्ती आहे. ती आपल्या बाजूची असली तरी दुरुस्त केली पाहिजे. “सामानाच्या कप्प्यात उणे पन्नास तापमान असतं” असं सांगतात. उणे पन्नास-पंचावन्न अंश असतं ते विमानाच्या बाहेर, ३५-३६ हजार फुटांवर. प्रवासी विमानातल्या सामानाच्या कप्प्यात केबिनसारखाच हवेचा दाब ठेवलेला असतो आणि तापमान बाहेरच्याइतकं खाली जात नाही. पण ते किती राहील हे विमानाच्या प्रकारावर आणि बॅग कप्प्यात कुठे ठेवली आहे यावर अवलंबून असतं, आणि त्याची हमी तुम्हाला कुणी देत नाही. इन्सुलिनचे उत्पादक ते चेक-इन करू नका म्हणतात ते याच अनिश्चिततेमुळे. विमानाच्या पोटाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, धोका जमिनीवर असतो. मे महिन्यात मुंबईच्या धावपट्टीजवळ ट्रॉलीवर उन्हात उभ्या असलेल्या बॅगेचा विचार करा, किंवा जानेवारीत शिकागोला बर्फात उतरवलेल्या बॅगेचा.

इन्सुलिन हे प्रथिन आहे. ते एकदा गोठलं की त्याची रचना बिघडते आणि वितळल्यावर ती पूर्ववत होत नाही. ढवळून घ्यायच्या, दुधी दिसणाऱ्या मिश्र इन्सुलिनमध्ये गुठळ्या किंवा कण दिसू शकतात, पण स्वच्छ पाण्यासारख्या दिसणाऱ्या इन्सुलिनमध्ये बिघाड डोळ्यांना दिसेलच असं नाही. म्हणून माणूस नेहमीचा डोस घेत राहतो आणि साखर का चढतेय ते कळत नाही. घरचे म्हणतात, तिकडचं खाणं मानवलं नाही. गोठल्याचा नुसता संशय असला तरी ते इन्सुलिन टाकून द्यायचं. किंमत आठवून हात अडखळतो, हे मला ठाऊक आहे, तरीही टाकायचं.

तेव्हा सगळं इन्सुलिन, सगळ्या निडल, ग्लुकोमीटर आणि पट्ट्या केबिन बॅगेत. प्रवासाला लागेल त्याच्या दुपटीने तरी जवळ ठेवा, आणि दोघं जात असाल तर साठा दोघांच्या बॅगांत विभागा, म्हणजे एक बॅग हरवली तरी काम अडत नाही. वरच्या कप्प्यात जाणाऱ्या बॅगेत सगळं ठेवून चालत नाही. पुढच्या दोन डोसांचं सामान आणि साखर उतरली तर खायची ग्लुकोजची पूड, खडीसाखर किंवा राजगिऱ्याचा लाडू, हे पायाशी असलेल्या छोट्या पिशवीत किंवा खिशात हवं. खुर्चीचा पट्टा बांधून ठेवायचा दिवा लागलेला असताना हात थरथरू लागले तर उठून वरची बॅग काढता येत नाही.

तपासणीच्या रांगेत काय करायचं, याचीही उगाच धास्ती असते. औषधांची पिशवी वेगळी, पारदर्शक असली तर उत्तम. ती ट्रेमध्ये बॅगेबाहेर ठेवा आणि विचारण्याची वाट न पाहता सांगा, “मला डायबिटीस आहे, यात इन्सुलिन आणि सुया आहेत.” एवढं वाक्य पुरतं. आई-बाबांना इंग्रजी अवघड जात असेल तर हेच इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी पासपोर्टमध्ये ठेवा. सोबत डॉक्टरांचं पत्र हवं, लेटरहेडवर, सही आणि शिक्क्यासह. त्यात रोगाचं नाव, औषधाचं मूळ नाव, दिवसाचा डोस आणि सुया-सिरिंज सोबत बाळगणं आवश्यक आहे, ही गोष्ट स्वच्छ लिहिलेली असावी. फक्त ब्रँडचं नाव लिहिलेलं पत्र परदेशात उपयोगी पडेलच असं नाही, कारण आपल्याकडे खपणारे काही ब्रँड तिथे विकलेच जात नाहीत. पत्रावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर नुसतं ‘सौ. कुलकर्णी’ लिहिलेलं असतं, ते इथे चालणार नाही. औषधं मूळ खोक्यात ठेवा, केमिस्टचं बिल जपा. दुबई किंवा दोह्याला विमान बदलायचं असेल तर तिथे पुन्हा तपासणी होते, म्हणून कागद वरच्या कप्प्यातल्या बॅगेत कोंबू नका. अमेरिकेत मदत हवी असेल तर ‘टीएसए केअर्स’ नावाची सेवा आहे. प्रवासाच्या ७२ तास आधी फोन केला तर तपासणीच्या वेळी साहाय्य मिळू शकतं. मुलगा-सून तिकडे असतील तर परतीच्या प्रवासाआधी हा फोन त्यांनी करावा.

“एक्स-रेमुळे इन्सुलिन खराब होतं” हाही त्यातलाच एक समज. विमानतळाच्या यंत्रातून इन्सुलिन जाऊ द्यायला हरकत नाही, असं अमेरिकन डायबिटीस असोसिएशनही सांगते. काळजी घ्यायची ती उपकरणांची. इन्सुलिन पंप आणि दंडावर लावायचे साखरेचे सेन्सर यांच्या बाबतीत कंपनीगणिक, मॉडेलगणिक सूचना वेगळ्या आहेत. काही एक्स-रेत घालू नयेत, काही घालून शरीराच्या स्कॅनरमधून जाऊ नये असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. आपल्या उपकरणाची पुस्तिका वाचून जा आणि गरज पडली तर हाताने तपासणी करा असं सांगा. तशी विनंती करता येते.

दुसरा मोठा गैरसमज बर्फाचा. इन्सुलिन क्षणभरही थंडाव्याबाहेर राहता कामा नये, या समजुतीने लोक ते बर्फाच्या पाकिटांत गच्च दाबून नेतात. गोठण्याच्या भीतीने चेक-इन बॅग टाळायची आणि हातातल्या बॅगेत आपणच ते बर्फाला चिकटवून गोठवायचं, असं होतं. न उघडलेला साठा २ ते ८ अंशांत ठेवायचा, हे घरासाठी बरोबर आहे. पण वापरात असलेलं पेन किंवा बाटली बहुतेक प्रकारांत साधारण २५-३० अंशांपर्यंतच्या तापमानात सुमारे चार आठवडे चांगली राहते. नेमकी मर्यादा खोक्यातल्या कागदावर छापलेली असते. केनियातल्या दागाहाले निर्वासित छावणीतल्या परिस्थितीचा अभ्यास ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ आणि जिनिव्हा विद्यापीठाने केला. तिथल्यासारख्या २५ ते ३७ अंशांमध्ये वरखाली होणाऱ्या तापमानात चार आठवडे ठेवलेल्या इन्सुलिनची ताकद थंड जागी ठेवलेल्याइतकीच राहिली. हा अभ्यास २०२१ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. याचा अर्थ इन्सुलिन उन्हात ठेवा असा मुळीच नाही. गाडीच्या डॅशबोर्डवर ३७ च्या कितीतरी वर तापमान जातं. पण वातानुकूलित केबिनमधल्या एका दिवसाच्या प्रवासाने ते बिघडत नाही. गारवा द्यायचाच असेल तर पाण्यात भिजवून वापरायच्या, बाष्पीभवनाने थंड राहणाऱ्या पिशव्या मिळतात, किंवा जेल पॅक रुमालात गुंडाळून मध्ये अंतर ठेवा. औषधासाठीचे जेल पॅक अर्धवट वितळलेले असले तरी टीएसए चालवून घेते. विमानातल्या कर्मचाऱ्यांकडे इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवायला देऊ नका. बऱ्याच कंपन्या ते घेत नाहीत, आणि घेतलं तरी ते बर्फाला लागून ठेवलं जाण्याची किंवा उतरताना तिथेच राहण्याची शक्यता असते.

तिसरी समजूत यांपेक्षा घातक आहे: “कमीच नेऊ, तिकडे गेल्यावर विकत घेऊ.” भारतात बाटलीतलं इन्सुलिन मोठ्या प्रमाणावर ४० युनिट प्रति मिलीलिटर या ताकदीचं मिळतं आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची असते. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये माणसांसाठीच्या बहुतेक बाटल्या १०० युनिटच्या असतात, सिरिंज नारिंगी टोपणाची. आता आजींनी तिथली बाटली आणली आणि इथून नेलेली लाल टोपणाची सिरिंज वापरली, तर काय होईल? वीसच्या खुणेपर्यंत भरलं की अर्धा मिलीलिटर होतं, आणि अर्ध्या मिलीलिटरमध्ये तिथल्या इन्सुलिनचे ५० युनिट असतात. म्हणजे वीसऐवजी पन्नास, अडीचपट डोस. एवढ्याने साखर इतकी उतरू शकते की माणूस झोपेतच बेशुद्ध पडेल. उलट केलं, इथलं ४० चं इन्सुलिन तिथल्या सिरिंजमध्ये भरलं, तर वीसच्या खुणेला फक्त आठ युनिट जातात. सिरिंज आणि बाटली यांची जोडी कधीही तोडायची नाही. पेनमधली कार्ट्रिज आपल्याकडेही १०० युनिटचीच असते, त्यामुळे तिथे ही चूक होत नाही, पण एका कंपनीची कार्ट्रिज दुसऱ्या कंपनीच्या पेनमध्ये बसेलच असं नाही. शिवाय अमेरिकेत नव्या प्रकारची इन्सुलिन प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळत नाहीत, ते तिथल्या डॉक्टरांचं लागतं, आणि पाहुण्यांच्या प्रवास विम्यात आधीपासूनच्या मधुमेहाचा खर्च बहुधा धरलेला नसतो.

सहा महिन्यांचा साठा नेण्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाची, एफडीएची, सूचना अशी आहे की प्रवाशाने साधारण ९० दिवसांपुरती औषधं सोबत आणावीत. मुक्काम त्याहून लांब असेल तर उरलेली औषधं नंतर मागवता येतात. पार्सलबरोबर व्हिसा आणि पासपोर्टच्या प्रती, डॉक्टरांचं पत्र आणि प्रिस्क्रिप्शनची प्रत जोडायला ती सांगते. इन्सुलिनच्या बाबतीत मात्र पार्सलच्या वाटेवरच्या तापमानाचा प्रश्न उरतोच. म्हणून निघण्याआधी डॉक्टरांशी बोलून तिथे मिळणारं समकक्ष औषध लिहून घेणं जास्त शहाणपणाचं.

बाकीचे समज थोडक्यात. १०० मिलीलिटरच्या वर सिरप नेता येत नाही? प्रवासात लागेल तेवढं द्रव औषध नेता येतं, जाहीर करा आणि चिठ्ठी दाखवा. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये? कधीच नाही, त्या केबिनमध्येच लागतात. पाऱ्याचा थर्मामीटर नेमका उलटा: माणशी एक, संरक्षक डबीत, तोही मोठ्या बॅगेत. डिजिटल घ्या, प्रश्नच मिटतो. घरचा ऑक्सिजन सिलिंडर सहसा नेता येत नाही. हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं छोटं यंत्र विमान कंपनीच्या आगाऊ मंजुरीने नेता येतं. ‘आपल्या चिठ्ठीवरचं औषध जगात कुठेही चालतं’ हेही खोटं: ट्रामाडॉल, कोडीन असलेल्या गोळ्या आणि कफ सिरप संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित आहेत, आधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी लागते. आणि शेजाऱ्यांच्या मुलासाठी त्यांनी दिलेलं औषधांचं पुडकं ओळखीखातर घेऊ नका, चिठ्ठी तुमच्या नावाची नसते.

हे नियम फक्त मधुमेहाचे नाहीत. रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शनं घेणाऱ्या गर्भवती, आयव्हीएफच्या उपचारांत असलेल्या स्त्रिया, संधिवातासाठी पंधरवड्याला इंजेक्शन घेणारे रुग्ण, सगळ्यांना हेच लागू आहे, आणि त्यांतली काही औषधं इन्सुलिनपेक्षाही महाग आणि नाजूक असतात.

वापरलेल्या सुईबद्दल मात्र मला राग येतो. लोक ती समोरच्या खिशात खोचतात, जेवणाच्या ट्रेमध्ये कागदाखाली दडवतात, स्वच्छतागृहाच्या कचऱ्यात टाकतात. विमान उतरल्यावर थोड्या वेळात शेकडो खुर्च्या झाडणारी माणसं त्या खिशात हात घालतात. टोचलेल्या सुईतून हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतो. बरं, सुई कुणाची होती हे न कळल्यामुळे त्या कामगाराला महिनोन्महिने तपासण्या करत धास्तीत राहावं लागतं. घट्ट झाकणाची जाड प्लास्टिकची छोटी डबी सोबत ठेवणं अजिबात अवघड नाही. कर्मचाऱ्यांना विचारलं तर अनेक विमानांत सुयांसाठी वेगळी पेटीही असते.

इंजेक्शन जागेवर बसून घेतलं तरी चालतं, लाजून स्वच्छतागृहात जाण्याची गरज नाही. जेवणाआधीचं इन्सुलिन मात्र ताट समोर आल्यावरच घ्या. ट्रॉली दिसली म्हणून घेतलं आणि हवेच्या धक्क्यांमुळे जेवण थांबलं, तर साखर उतरते. केबिनमधला दाब सुमारे आठ हजार फुटांवरच्या हवेइतका कमी होतो, त्यामुळे पेनवर सुई लावून ठेवली तर कार्ट्रिजमध्ये बुडबुडे येतात किंवा औषध गळतं. सुई प्रत्येक वेळी काढा आणि पुढच्या डोसाआधी दोन युनिट हवेत सोडून पाहा. पंप वापरणाऱ्यांनी विमान वर चढताना थोडं जादा इन्सुलिन जाऊ शकतं, हे डॉक्टरांशी बोलून ठेवावं.

शेवटचा प्रश्न घड्याळाचा. “इथल्या वेळेनेच घेत राहा” किंवा “उतरल्यावर तिथल्या वेळेने सुरू करा” हे दोन्ही सल्ले सरसकट देता येत नाहीत. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो आणि एखादा जादा डोस लागू शकतो, परतताना तो आखूड होतो आणि डोस कमी करावा लागू शकतो. दिवसातून एकदाच लांब पल्ल्याचं इन्सुलिन घेणाऱ्याचं गणित वेगळं, दोनदा मिश्र घेणाऱ्याचं वेगळं. तिकीट हातात आल्यावर विमानाच्या वेळा, विमान बदलण्याचा थांबा आणि जेवणाच्या अंदाजे वेळा एका कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या, आणि कोणत्या वेळी किती युनिट, हे त्याच कागदावर त्यांच्याकडून भारतीय वेळेत आणि तिथल्या वेळेत, दोन्ही लिहून घ्या.